आधी बनगरवाडी घे रे

अरे वाचायला आत्ता सुरवात करतोयस आणि थेट शिवाजी सावंतांची मृत्युंजय कादंबरी उचललीस? भारी आहे, कर्ण, कुंती, दुर्योधन सगळे आपापल्या तोंडून सांगतात, पण जाडजूड ठोकळा आहे, शंभराव्या पानावर दमशील. त्यापेक्षा व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी घे, १९५५ची, दोन रात्रीत संपते. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर पोरसवदा मास्तर येतो, आणि शेवटी दुष्काळात वाडीच रिकामी होते तिथे मी लोकलमध्ये पुस्तक मिटून नुसता बसलो, माझं स्टेशन पण गेलं. नेमाड्यांची कोसला मात्र थांबून घे. मला कॉलेजात झेपलीच नव्हती, त्यातल्या नायकाची, पांडुरंगची, नुसती कटकट वाटायची, परवा परत काढली तर त्याच्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पानं पुढे सरकेनात. आणि बोअर झालं तर खुशाल मधेच सोड, कोण परीक्षा घेतंय.