मंत्र्यांचा आकडा आणि खात्याची फाईल

प्रश्न : आमच्या रस्त्यासाठी २ कोटी दिल्याचं मंत्र्यांनी सभेत जाहीर केलं. रस्ता मात्र अर्धाच झालाय. खरं-खोटं कसं शोधायचं?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : कामाचा पैसा प्रशासकीय मंजुरी, निविदा, कार्यादेश आणि मग बिल अशा वाटेने जातो. भाषणात बहुधा मंजुरीची रक्कम येते. ती खोटी नसते, पण तेवढा खर्च झालाच असंही नाही. म्हणून सार्वजनिक बांधकाम खात्याच्या माहिती अधिकाऱ्याकडे या चारही टप्प्यांच्या कागदांच्या प्रती मागा आणि सोबत मोजमाप पुस्तिकाही मागा. कोणत्या तारखेला किती मीटर काम मोजलं हे पुस्तिकेत असतं, बिल त्यावरूनच निघतं. तिच्यातली लांबी-रुंदी टेप घेऊन रस्त्यावर पडताळा. माहिती अधिकारात कामाची पाहणी करता येते, साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. हे फार कमी लोक वापरतात.

‘काम अर्धवट का?’ असं मात्र विचारू नका. अधिकाऱ्याने नोंदीत आहे तेच द्यायचं असतं, खुलासा करणं त्याच्यावर बंधनकारक नाही. असे अर्ज तिथेच अडतात. रस्त्याचं नाव, कुठून कुठवर आणि कोणतं वर्ष, एवढं नेमकं लिहा. शुल्क १० रुपये. माहिती कशासाठी हवी ते सांगावं लागत नाही.

३० दिवसांत उत्तर आलं नाही तर तो नकारच. पुढच्या ३० दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील करा. तिथेही दाद मिळाली नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. लोक पहिल्या अपिलाआधीच कंटाळतात, आणि सत्तेला तेच हवं असतं. विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. केंद्राचा कायदा २००५ चा, पण गोव्याने असा कायदा १९९७ सालीच केला होता. तो हक्क कपाटात ठेवू नका.

प्रश्न : मंत्री सभेत एक बोलतात, विधानसभेत दुसरं. कुठलं धरावं?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : विधानसभेतलं लेखी उत्तर. सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केल्यास हक्कभंगाची कारवाई होऊ शकते, सभेतल्या भाषणाला तसा लगाम नाही. ही उत्तरं विधानसभेच्या संकेतस्थळावर मिळतात. उत्तर दोन ओळींचं असलं तरी जोडपत्र उघडाच, कामवार आकडे तिथे असतात. ‘माहिती गोळा केली जात आहे’ एवढंच लिहिलेलं असेल तर तारीख टिपून ठेवा आणि पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा टाकायला आपल्या आमदारांना लेखी कळवा.