‘देव मला शिक्षा करतोय’ असं पेशंट म्हणतो तेव्हा

परिचारिकांच्या प्रशिक्षणात हा प्रश्न हमखास येतो. “मॅडम, पेशंट म्हणतो देव मला शिक्षा करतोय. आम्ही काय बोलायचं?” बहुतेक जणी “असं बोलू नये बाबा, सगळं ठीक होईल” म्हणतात आणि पुढच्या कॉटकडे वळतात. म्हणतात अगदी मनापासून, पण तो माणूस तिथंच मिटतो.

मधुमेहामुळे गुडघ्याखाली पाय काढावा लागलेले एक वारकरी बाबा आठवतात. शस्त्रक्रिया नीट झाली होती. पण दुसरा दिवस उलटला तरी ताट तसंच परत जात होतं, पाण्याच्या घोटालाही नकार. सलाइनवर किती दिवस काढणार? मुलगा म्हणाला, “पायाचा धक्का बसलाय.” मलाही तसंच वाटलं.

“पायाचं वाईट वाटतंय का, बाबा?”

“पाय त्याचाच होता. नेला त्यानं.”

“मग?”

उत्तर नाही. हात मात्र सारखा गळ्याशी जायचा, काहीतरी चाचपायचा आणि रिकामा परत यायचा. मी नुसती बसून राहिले. रात्रपाळीच्या सिस्टर नाडी बघायला आल्या, त्यांनाही तो हात दिसला.

“बाबा, तुमची माळ कुठंय?”

बाबांचे डोळे भरून आले. “थिएटरला न्यायच्या आधी कापली. मी नको म्हणालो नाही. जिवाला भ्यालो.”

आम्ही सगळे देवावरचा राग शोधत होतो आणि ते स्वतःलाच गुन्हेगार ठरवून बसले होते. माळ गळ्यात नसताना अन्नपाणी घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. माळ कॉटशेजारच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कवळीबरोबर पडून होती.

सिस्टरनी दोरा आणला. गावच्या महाराजांना फोन लावून विचारलं. थरथरत्या हातांनी बाबांनी स्वतःच मणी ओवले. दोन कमी निघाले. सिस्टर टॉर्च घेऊन कॉटखाली वाकल्या, एक सापडला. “असू द्या, माउली,” बाबा म्हणाले. माळ कपाळाला लावून गळ्यात घातली. थोड्या वेळानं म्हणाले, “चहा मिळंल का?”

पुढे पाच-सहा भेटी झाल्या, वारी आता कशी करायची यावर बोललो. पण गाठ सुटली होती ती त्या रात्रीच.

सिसिली साँडर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, उभारलं. त्या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. शरीर, मन, नातीगोती आणि श्रद्धा यांचं दुखणं एकच असतं, असं त्या मानत. मी त्याच विचारात घडले आणि बाबांसारखी माणसं तो पुनःपुन्हा खरा करतात.

म्हणून सिस्टरना सांगते, देवाच्या वतीनं उत्तर देऊ नका. “कशाची शिक्षा वाटते?” एवढंच विचारा आणि थांबा. माळ, ताईत, जानवं, क्रूस काढण्याआधी परवानगी घ्या. भूलतज्ज्ञांना विचारा, गळ्यातली वस्तू गॉजमध्ये गुंडाळून मनगटाला बांधता येते का. काढावीच लागली तर दोरा कापू नका, सोडवा, आणि कुठं ठेवली ते रुग्णाला दाखवा. नमाजाची वेळ, उपासाचा वार आधीच कळला तर औषधाच्या वेळाही डॉक्टरांशी बोलून बसवता येतात. आणि श्रद्धा नसलेल्यालाही विचारा, कशाच्या आधारानं उभे आहात? त्याचंही काहीतरी असतंच.

आमच्या वॉर्डात आता भरतीच्या कागदावर ॲलर्जीच्या रकान्याखाली सिस्टर पेनानं एक ओळ वाढवतात: नेम काय?