कॅन्सरची तपासणी: वाचकांचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून एकत्र उत्तरे देतो.

मला काही त्रास नाही. तरी तपासणी करायची? (वय ४२, खानापूर)

हो. त्रास नसतानाच करायची. वयाची ३० वर्षे झाली की सगळ्यांनी तोंड, आणि बायकांनी स्तन व गर्भाशयाचे तोंडही तपासून घ्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, आशाताईंना माहिती असते.

लॅबवाले म्हणतात, एका रक्ततपासणीत सगळे कॅन्सर कळतात. पॅकेज घेऊ का? (बेळगाव)

घेऊ नका. अशा पॅकेजात सीए-१२५, सीईए असे रक्तातले आकडे मोजतात. सीए-१२५ पाळीत वाढतो, पोटाच्या टीबीतही वाढतो. सीईए विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत वाढलेला असू शकतो. आकडा वाढला तर घरभर घबराट, नॉर्मल आला तर खोटा दिलासा. सवलतीच्या जाहिरातीवर तपासणी ठरत नसते. आधी डॉक्टरांना भेटा.

आई विड्या वळते, वय ५५. वर्षानुवर्षे मिश्री लावते. गालात पांढरा चट्टा आहे, दुखत नाही. शेजारणी सांगतात, तपासणीसाठी तुकडा काढला (बायोप्सी) की कॅन्सर पसरतो. थांबावे का? (निपाणी)

एक दिवसही थांबू नका. दुखत नाही म्हणूनच हा चट्टा वर्षभर अंगावर काढला जातो, आणि माझ्याकडे माणूस येतो तेव्हा घास गिळता येत नसतो. ‘मी विडी ओढत नाही’ असे बायका ठामपणे सांगतात. अहो, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच! दात दुखतो म्हणून सुरू होते आणि मग सुटत नाही. पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकली, म्हणून तोंडात गेल्यावर ती वेगळी राहत नाही.

तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही निव्वळ ऐकीव गोष्ट आहे. पसरतो तो वेळ घालवल्याने. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसत्या उजेडात तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. हे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले, तरी आपण अजून शेजारणीला विचारतो.

प्रत्येक पांढरा चट्टा कॅन्सर नसतो, पण ते नुसत्या डोळ्यांनी नाही, तुकडा तपासूनच ठरते. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, लाल चट्टा, तोंडात तीन बोटे उभी न मावणे, यांतले काहीही असले तरी हेच उत्तर: थांबू नका. आईंची मिश्री आजच बंद करा आणि याच आठवड्यात त्यांना दंतवैद्यांकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या.

मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला. मी जीन टेस्ट करू का? (चिकोडी)

एवढ्यावरून सांगता येत नाही. मावशीचे तेव्हाचे वय काय, घरात आणखी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला का, हे लिहून कॅन्सरतज्ज्ञांकडे न्या. शक्य असेल तर टेस्ट आधी मावशीची करतात.

पिशवी काढली आहे. आता तपासणी कशाला? (हुक्केरी)

पिशवीचे तोंड काढले की ठेवले, आणि ऑपरेशन कशासाठी झाले, यावर ते आहे. डिस्चार्ज कार्ड स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. कार्ड नसेल तर पिशवीचे तोंड आहे की नाही, ते त्या आतून तपासून सांगतील.