जॅझवर लिहिताना मी खाल्लेली माती

अंबाजोगाईच्या मित्राची पोस्ट तीनदा वाचली. बीएच्या शेवटच्या वर्षाला आहेस म्हणतोस, म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको. ट्रम्पेट वाजवणाऱ्या माइल्स डेव्हिसवर लेख लिहिलास, पुरवणीवाल्यांनी "आपल्या वाचकाला झेपणार नाही, आधी जॅझ म्हणजे काय ते सांगा" म्हणून परत केला. आता विचारतोयस की एकही वाद्य वाजवता येत नसताना संगीतावर लिहायचा आपल्याला अधिकार आहे का. हे दोन्ही माझं परभणीत भोगून झालंय. न्यू ऑर्लिन्स, ब्लूज, स्विंग वगैरे सांगत बसत नाही, ते तुला माझ्याइतकंच माहीत आहे. मी माती कुठं खाल्ली तेवढं सांगतो.

आमच्या काळी जॅझ म्हणजे शॉर्टवेव्हवरचा 'व्हॉइस ऑफ अमेरिका'. कार्यक्रमाच्या सुरुवातीची 'टेक द ए ट्रेन'ची धून लागली की मी रेडिओ खिडकीत सरकवायचो. निवेदक विलिस कोनोव्हर इतकं सावकाश बोलायचा की मराठी माध्यमातल्या माझ्यासारख्यालाही इंग्रजी कळायचं. आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा, वरखाली. मग एका मित्रानं मुंबईहून माइल्सची 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी टेप करून आणली. कॅसेटच्या कागदावर पेन्सिलीनं सहा वादकांची नावं लिहिलेली: माइल्स, कोल्ट्रेन, ॲडरली, बिल एव्हान्स, चेंबर्स, कॉब. एवढ्या भांडवलावर मी एका पुरवणीत सदर मिळवलं.

तिसऱ्या लेखात त्याच कॅसेटमधलं 'फ्रेडी फ्रीलोडर' घेतलं. त्यात पहिला सोलो, म्हणजे एकट्यानं रंगवायचा भाग, पियानोचा आहे. कागदावरच्या नावांतला पियानोवाला बिल एव्हान्स. त्याच्याबद्दल मी वाचलं होतं: अंतर्मुख, हळवा, शास्त्रीय पियानोच्या वळणाचा. झालं, दोन परिच्छेद ठोकले. 'एकांतात स्वतःशीच बोलणारा पियानो', 'काचेवर ओघळणारे थेंब' आणि काय काय. रविवारी छापून आलं. पुढच्या आठवड्यात नांदेडहून एका निवृत्त गृहस्थांचं पोस्टकार्ड. दोनच ओळी: त्या एका चीजेत पियानोवर बिल एव्हान्स नाही, विंटन केली नावाचा वादक आहे. आपण ऐकून लिहिता की वाचून?

पोस्टकार्ड हातात धरून कॅसेट पुन्हा लावली. थीम, म्हणजे सुरुवातीची मुख्य धून, संपते पाऊण मिनिटाच्या आसपास आणि केली सुरू होतो. कुठला एकांत आणि कुठले थेंब! माणूस मजेत आहे, ठेका धरून हसतखेळत, गल्लीतून शीळ घालत निघाल्यासारखा वाजवतोय. सव्वादोन मिनिटांच्या सुमारास माइल्स येतो तोवर खोलीत काळजीचं नाव नाही. हे सगळं मला आधीही ऐकू आलं होतं रे! लिहिताना मनात आलंही होतं की हा आज खुशीत दिसतोय. पण एव्हान्स म्हणजे हळवा असं पुस्तकात होतं, म्हणून मी कान गप्प केला.

पुढचा भाग जास्त महागात पडला. मी चूक कबूल करणारा चार ओळींचा मजकूर घेऊन पुरवणीच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब चहा ढवळत म्हणाले, "जॅझ कोण वाचतंय इथं? कशाला आपणहून सांगायचं?" दुरुस्ती छापली नाही. आणि दोन आठवड्यांनी 'वाचकांचा प्रतिसाद नाही' म्हणून सदर बंद! अहो, प्रतिसादाचं कार्ड तर मीच दाखवलं होतं तुम्हाला. त्यानंतर मी नऊ वर्षं एक ओळ लिहिली नाही. नांदेडच्या गृहस्थांना वेळेवर उत्तर दिलं नाही, ते अजून सलतं. असो.

त्याच कॅसेटची आणखी एक गंमत. 'फ्रेडी फ्रीलोडर' बी-फ्लॅटमधलं, म्हणजे आपल्या पेटीवर काळी पाच. पण सूर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधेच कुठंतरी लोंबकळायचा. मी टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलून आणला, पेटीवाल्याला दोष दिला. पुढं कळलं की २ मार्च १९५९ च्या त्या ध्वनिमुद्रणात टेपचं यंत्रच किंचित मंद चालत होतं. त्यामुळं नेहमीच्या वेगानं लावली की तबकडीची पहिली बाजू सगळीकडं थोडी चढी वाजायची, आणि ती चूक १९९२ मध्ये नव्या आवृत्तीत सुधारली. म्हणजे इथंही कान बरोबर होता. तेव्हा जुन्या प्रतीवरून पट्टी ठरवून छातीठोकपणे लिहू नको.

आता तुझा प्रश्न. वाजवता येत नसलं तर चालतं, असं माझं मत. वाजवणारे माझ्यावर तुटून पडतील, पडोत. पण गाणं दहा वेळा तरी ऐक आणि घड्याळ समोर ठेव. कोण कितव्या मिनिटाला आला, कुठं दम घेतला, ड्रमवाल्यानं कधी काड्या बदलल्या, ते वहीत लिही. त्या त्या गाण्यात कोण वाजवतंय ते दोन ठिकाणी तपास. क्रियापदं आपोआप सुचतात, विशेषणं लागत नाहीत. 'मंत्रमुग्ध', 'स्वर्गीय', 'सुरांची बरसात' हे तर आपल्याकडं शाल-श्रीफळासारखं कुणालाही देतात.

दुसरं, 'जॅझ म्हणजे अमेरिकेचं रागसंगीत' असलं काही लिहू नको. वाचकाला हात धरून न्यायला आवर्तनाची उपमा चालते: 'फ्रेडी फ्रीलोडर' बारा बारचं, म्हणजे बारा खंडांचं, प्रत्येकी चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं चक्र, आणि प्रत्येक वादक त्याच चक्रावर फिरतो. इथवर ठीक. पण चक्राबरोबर कॉर्डही (एकत्र वाजणारे सुरांचे गट) ठरलेल्या जागी बदलत जातात, ते आपल्या तानपुऱ्यात बसत नाही. 'टेक फाइव्ह' या जॅझच्या चीजेला एकानं अर्धा झपताल म्हटलं होतं. मात्रा पाचच, पण ते तीन-दोन आहे आणि झपताल दोन-तीन. हातानं टाळी देऊन बघ, लगेच कळतं. आणि 'सोलो', 'रिफ', 'कॉर्ड' हे शब्द तसेच ठेव. माझ्या लेखात कुणीतरी 'रिफ'चं (पुन्हा पुन्हा येणारा छोटा सुरांचा तुकडा) 'स्वरावृत्तिका' केलं होतं, माझंच वाक्य मला ओळखू आलं नाही.

जाता जाता: दिवाळी अंकाला पाठवणार असशील तर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाठव, गणपतीपर्यंत पानं भरलेली असतात. हा माझ्या ओळखीच्या दोन-तीन अंकांचा अनुभव, सगळीकडं असंच असेल असं नाही. मी काही समीक्षक नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे.

तू पोस्टमध्ये लेखाचे चार परिच्छेद दिलेस. पहिला, माइल्सच्या जन्मापासूनचा, काढून टाक. दुसऱ्यात तुझी आजी भाकरी थापता थापता विचारते, "हा वाजवताना मधीच थांबला काहून? लाइट गेली का?" तो वर घे. माइल्स नेमका कुठं थांबला, कितव्या सेकंदाला, ते मात्र शोधून लिही. आणि आजीला पुढचा भाग ऐकवलास का, तेही सांग.