मिशिगन विद्यापीठाच्या १९०१ च्या फुटबॉल संघावर खरंच एकही गुण झाला नव्हता का?

हो, खरंच. ११ सामने, ११ विजय. केले ५५० गुण, दिले शून्य. (हा अमेरिकन फुटबॉल बरं का, चेंडू हातात घेऊन पळायचा.) बफलोविरुद्धचा १२८-० हा आकडा तर छपाईची चूक वाटावी असा. त्यातून तेव्हा टचडाउनला (चेंडू घेऊन समोरच्यांची शेवटची रेषा गाठली की) ५च गुण मिळायचे आणि चेंडू पुढे फेकायला बंदी होती; ती उठली १९०६ साली. म्हणजे सगळी मजल रेटारेटी करत, पळूनच मारायची.

प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांचं टोपणनावच ‘हरी अप’. समोरचे उठून उभे राहतात न राहतात तोच यांची पुढची चाल सुरू.

मोसमाचा शेवट १ जानेवारी १९०२ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाच्या नववर्ष उत्सवात, स्टॅनफर्ड विद्यापीठाविरुद्ध. गंमत म्हणजे आदल्याच मोसमात योस्ट स्टॅनफर्डकडे होते! मिशिगनने एकही बदली खेळाडू उतरवला नाही. एकट्या नील स्नोने ५ टचडाउन केले. ४९-० झाल्यावर आठेक मिनिटं शिल्लक असतानाच स्टॅनफर्डने हात टेकले. उत्सवाच्या आयोजकांनी मग १९१६ पर्यंत तिथे फुटबॉल ठेवलाच नाही. मधली काही वर्षं चक्क रथांच्या शर्यती लावल्या.