पडद्याला पाणी झालंय, पण कशानं?

प्रश्न : माझे मिस्टर 46 वर्षांचे, शेती करतात. डाव्या डोळ्यानं मधोमध धुरकट दिसतंय आणि खिडकीचे गज वाकडे दिसतात. डॉक्टरनी ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन) काढून पडद्याला पाणी झालंय म्हणून दर महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं दिली, फरक काहीच नाही. शुगर, बीपी नाही. आता चौथं घ्या म्हणतात, घ्यावं का?
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : ताई, आधी डॉक्टरला एकच विचारा, हे पाणी कोणत्या आजारानं झालंय. ओसीटीत दिसणारं पाणी हे लक्षण आहे, म्हातारपणाचा ओला एएमडी (वयानं पडद्याचा मधला भाग खराब होणं), शुगरची सूज, पडद्याची शीर बंद पडणं, सीएससीआर, सगळ्यात पाणी दिसतंच. शुगर नसलेला चाळिशीतला माणूस म्हणलं की मला पहिला संशय सीएससीआरचा येतो. त्यात पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर जाड होऊन पाणी झिरपतं, बऱ्याच जणांचं तीन-चार महिन्यांत आपोआप जिरतंही. अवास्टिन, लुसेंटिस ही इंजेक्शनं मुख्यतः नव्यानं फुटलेल्या कच्च्या वाहिन्या आणि त्यांची गळती रोखायला असतात, तशा वाहिन्याच नसतील तर इंजेक्शन करणार काय?

दुसरं, खरंखरं सांगा, मिस्टर गुडघ्या-कंबरेसाठी कुठली पुडी घेतात का, दम्याचा पंप, नाकातला स्प्रे, खाजेचं मलम? आपल्याकडं बिननावाच्या पुड्या सर्रास चालतात आणि त्यातल्या काहींत, तसंच काही पंप-स्प्रे-मलमांतही, स्टेरॉइड असतं, ज्यानं सीएससीआर होतोही आणि वाढतोही, आणि पेशंट ते डॉक्टरला सांगतच नाही कारण त्याला ते औषध वाटतच नाही. पुडी सोबत न्या, दाखवा. पण लई दिवसांपासून चालू असेल तर मनानं एकदम बंद करू नका, अंगलट येतं. आणि कुणी डोळ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर सीएससीआर नाही ना, हे आधी पक्कं करून घ्या.

रेटिना स्पेशालिस्टकडं दुसरं मत घ्या. हाताच्या शिरेतून रंग सोडून काढायचे फोटो, एफएफए आणि आयसीजी, झालेत का ते विचारा. पडद्यामागच्या वाहिन्यांना फुगे येणारा पीसीव्ही नावाचा आजार आशियाई लोकांत जास्त सापडतो, तो आयसीजीतच नीट कळतो आणि त्याला कधी कधी इंजेक्शनासोबत पीडीटी (शिरेतून औषध देऊन मारायचं) लेझर लागतं. आयसीजी सगळीकडं होत नाही, त्यामुळं संभाजीनगरची गाडी धरायच्या आधी फोन करून विचारा.

तपासात कच्च्या वाहिन्या निघाल्या तर मात्र इंजेक्शन अजिबात टाळू नका, तिथं उशीर म्हणजे नजर जाणं. जाताना पहिल्या इंजेक्शनाच्या आधीचा ओसीटी आणि नंतरचे सगळे प्रिंट न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको.