सेशन कीबोर्डवादनाच्या सुरुवातीला
सेशन म्हणजे इतरांच्या रेकॉर्डिंगमध्ये किंवा कार्यक्रमात साथीला वाजवणे; त्यासाठी महागडा कीबोर्ड घेण्याची घाई करू नका; आहे त्याच वाद्यावर, ट्रान्सपोजच्या (पट्टी आपोआप बदलणाऱ्या) बटणाला हात न लावता, एकच गाणे काळी एक, काळी दोन आणि पांढरी चार या पट्ट्यांत वाजवता येईल इतका सराव करा, कारण गायकाची पट्टी ऐनवेळी बदलते. रिकामी जागा दिसली की भरून टाकणे ही नवोदितांची सर्वांत मोठी चूक आहे. बास गिटार सोबत असेल तेव्हा डावा हात खालच्या सप्तकातून काढून घ्या आणि गायकाच्या शब्दांवर सूर न चढवता दोन ओळींमधल्या जागेत वाजवा. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक केरसी लॉर्ड यांनी ‘आराधना’तील (१९६९) ‘रूप तेरा मस्ताना’ला दिलेली अकॉर्डियनची साथ त्यासाठी लक्षपूर्वक ऐका. संगीत संयोजनाकडे, म्हणजे कोणते वाद्य कुठे काय वाजवेल हे ठरवण्याकडे, इतक्यात वळू नका. आधी स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचायला शिका आणि मेट्रोनोमसोबत (ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या यंत्रासोबत) वाजवण्याची सवय घरीच लावून घ्या.